पाटीवरची पाचवी ओळ

ओतकामाचे लाकडी साचे, सहाशेच्या वर. बैलगाडीची चाके, चार जोड्या; पैकी तीन अजून रस्त्यावर आहेत. पाळणा एक, दोन्ही मुलींना पुरला. बाजाच्या पेटीचा भाता एक. शिकवायला कोणी नव्हते, जुना उकलून पाहिला आणि नवा केला. माझे स्वतःचे बसायचे स्टूल. मूळव्याध कशाने होते हे दाखवणारे सागवानी यंत्र एक. त्या यंत्राशेजारी टांगायची पाटी एक, अक्षरांसकट. आणि संडास एक.

एवढे मी माझ्या हातांनी केले आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, बाकीचे बघून बघून शिकलो. रहिमतपूरच्या डॉ. विनायकराव केंजळे यांच्या साठाव्या वर्षानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मलकापूरच्या एका सुताराने आधी स्वतःच्याच वस्तू का मोजून दाखवाव्यात, असे कुणालाही वाटेल. संपादक मंडळींनी माझ्याकडे लेख मागितला तो ‘डॉक्टरांचे सहकारी’ म्हणून. सहकारी म्हणजे बरोबरीने काम करणारा. म्हणून माझे काम आधी सांगितले. आता त्यांचे सांगतो. आणि त्यांचा मला किती हेवा वाटत आला आहे, तेही सांगतो. ते गाळले तर साचा बरोबर पण माप खोटे, असे होईल.

त्यांची माझी पहिली भेट बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची. मलकापूरला लागून कराड, आणि कराडात दवाखाने पुष्कळ होते. पण कराडात मला ओळखणारेही पुष्कळ होते. दुखणे असे की चारचौघांत नाव घेता येत नाही. म्हणून मी गाडीने रहिमतपूर गाठले. दवाखान्यात सगळे बाकावर बसलेले, मी एकटा भिंतीला टेकून उभा. नंबर आला. डॉक्टरसाहेब म्हणाले, “बसा.”

मी म्हणालो, “उभाच बरा आहे.”

त्यांनी हातातला कागद बाजूला ठेवला. “किती दिवस झाले बसता येत नाही?”

मी दुखण्याबद्दल अवाक्षरही न काढता त्यांना सगळे कळले होते. तिथेच मला पहिल्यांदा त्यांचा हेवा वाटला. लाकूड नुसते हातात घेऊन आतली गाठ ओळखणारा माणूस मी, आणि इथे माझीच गाठ कुणी तरी ओळखून बसलेले!

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. सकाळी किती वेळ लागतो? जोर करावा लागतो का? पाणी किती पिता? दिवसभर काम बसून की उभ्याने?

“बसून. साच्याचं काम बारीक असतं. दहा-बारा तास स्टुलावर. स्टूल माझ्याच हातचं आहे.”

“मधे उठता का?”

“उठावंसं वाटत नाही. बसायला झकास झालंय.”

“तीच तर अडचण आहे,” ते म्हणाले. “जेवणात काय असतं? कडधान्य?”

मी जरा ताठ होऊन सांगितले, “मोड आलेलं काही खात नाही. सात वर्षं कडक पथ्य. मटकी नाही, हुलगा नाही, काही नाही.”

“का बरं?”

“मोड खाल्ले की मोड येतात.”

ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे मूळव्याधीच्या गाठीला मोड म्हणतात, आणि भिजवलेल्या मटकीला फुटतो तोही मोडच. हे पथ्य मला कुणी सांगितले नव्हते. मी ते स्वतःच्या डोक्याने काढले होते, पाळले होते, आणि आमच्या आळीत निदान दहा घरांना पटवून दिले होते. आमच्या घरी मटकी भिजत घालणे बंद झाले ते तेव्हापासून.

डॉक्टरसाहेब हसले नाहीत. त्यांनी आपल्या वहीत ते वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले. मग म्हणाले, “बापूराव, शब्द एक आहे. वस्तू दोन आहेत. कोंडा, साल, भाजी, मोडाची उसळ यांनीच पोट साफ होतं. तुम्ही सात वर्षं नेमकं औषध बंद ठेवलंत.”

सात वर्षांचे माझे शास्त्र त्यांनी दोन वाक्यांत खाली ठेवले. तेही इतक्या हळुवारपणे, की मला रागावताही येईना.

त्यांची एक पद्धत मी पुढे शेकडो वेळा पाहिली, ती त्या दिवशी स्वतःवर अनुभवली. “रक्त गेलं म्हणजे मूळव्याधच, असं मी न बघता म्हणणार नाही. रक्त दुसऱ्याही कारणांनी जातं, त्यांतली काही वाईट असतात.” त्यांनी तपासले, मगच नाव घेतले. लाजेपोटी सात वर्षे न दाखवता काढल्याबद्दल मात्र दोन शब्द सुनावले. मी ऐकून घेतले. कुणाचे ऐकून घ्यायची मला सवय नाही.

नंतर हे होते कसे, ते सांगण्यासाठी त्यांनी एका पाकिटाच्या पाठीवर चित्र काढले. गुदाच्या तोंडाशी शिरांच्या मऊ गाद्या प्रत्येक माणसाला जन्मापासून असतात. माणूस रोज कुंथत राहिला, तासन्‌तास बसून राहिला, बाईच्या पोटात मूल वाढू लागले, की तिथल्या रक्तावर दाब येतो आणि त्या गाद्या फुगतात, ओघळतात. उष्णता, उष्णता म्हणून लोक ओरडतात. तिखटाने आग होते ती आधीच सुजलेल्या जागेची. बोलणे अगदी स्वच्छ होते. चित्र मात्र भिकार होते.

“डॉक्टरसाहेब,” मी म्हणालो, “हे कुणाच्या बापाला कळायचं नाही. मी करून आणतो.”

पंचवीस दिवसांनी मी पुन्हा गेलो. तोवर मटकीही सुरू झाली होती आणि मला बसता येऊ लागले होते. सागवानाचा दहा इंची ओंडका उभा चिरून आत पोकळी कोरली होती, तिला आतून लाखेचा हात दिला होता. शिरांच्या जागी फुग्याचे रबर, त्यात लाल रंगाचे पाणी, आणि वरून दाब द्यायला मोटारीच्या भोंग्याचा रबरी गोळा. गोळा दाबला म्हणजे माणूस कुंथला. कुंथला की चारी गाद्या टरारून फुगत.

डॉक्टरसाहेबांनी गोळा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत आनंदले. आणि मग म्हणाले, “चार नाहीत. मुख्य गाद्या तीन असतात. रोगी उताणा आहे असं समजा आणि घड्याळाची तबकडी डोळ्यांपुढे आणा. तीन, सात, अकरा.”

मी चार कोपऱ्यांत चार बसवल्या होत्या, कारण सुताराला चार सोपे. यंत्र परत घेऊन गेलो आणि नवा ओंडका कापला. तीन, सात, अकरा. यात तसूभर फरक निघाला तर सांगा. दुरुस्ती सांगणारा माणूस बरोबर होता, हे मला यंत्राच्या वजनापेक्षा जड गेले.

ते यंत्र घेऊन आम्ही हिंडू लागलो. रहिमतपूर, कोरेगाव, पाटणच्या बाजूची गावे, पुढे सांगलीपर्यंत. डॉक्टरसाहेब बोलत, मी गोळा दाबी आणि लाल पाण्याची बादली सांभाळी. पाटणच्या पुढे एका गावात फौजेतून आलेले एक म्हातारे सुभेदार पुढच्या रांगेत बसले होते. यंत्राकडे बघून ते मोठ्याने म्हणाले, “आवं डाक्टर, ह्यो काय गाडीचा आख हाय का तोफंचा गोळा?”

“तुमच्या आत आहे तेच आहे, सुभेदार.”

“माझ्यात सागवान न्हाई!”

हसून हसून माणसे लोळली. हशा ओसरला तसे सुभेदारच आवाज खाली आणून म्हणाले, “मला लढाईपासनं हाय ह्ये. बंकरात चार-चार दिस बसून, सुकी पुरी खाऊन. आजवर कुनाला बोललो न्हाई.” त्यांच्या मागे आणखी सहा माणसांनी हात वर केला. एवढ्या माणसांपुढे लाज सोडायला लावणे हे माझ्या सागवानाचे काम नव्हते. डॉक्टरसाहेब ऐकत कसे होते, त्याचे ते काम होते. हे मला दिसत होते आणि सलत होते.

कारण लोक यंत्राला ‘डॉक्टरांचं यंत्र’ म्हणत. हार त्यांना, नारळ त्यांना, फेटा त्यांना. साताऱ्याच्या एका साप्ताहिकाने तर छापलेच: ‘डॉ. केंजळे यांनी स्वतः तयार केलेले कल्पक यंत्र’. मी तो अंक घडी करून खिशात ठेवला आणि दोन दिवस कुणाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी रहिमतपूरहून कार्ड आले. डॉक्टरसाहेबांनी आधीच साप्ताहिकाला पत्र लिहिले होते, की हे यंत्र मलकापूरचे कारागीर बापू सुतार यांनी घडवले असून आपला त्यात हातभार फक्त तीन आकड्यांचा आहे. पत्र पुढच्या अंकात छापून आले. त्यात माझे नाव ‘बाबू लोहार’ पडले. आणि लोक काय म्हणाले? “बघा, डॉक्टरांचं मन केवढं मोठं!”

म्हणजे यंत्र मी केले तरी कौतुक त्यांचे, आणि यंत्र मी केले हे त्यांनी सांगितले तरी कौतुक त्यांचेच. अशा माणसाचा हेवा करायचा तरी कसा? पण मी केला. मन लावून केला.

त्याच सुमारास त्यांनी मला एक गजराचे घड्याळ आणून दिले. “दर तासाला लावा. वाजलं की उठायचं, अंगणात एक फेरी, एक तांब्या पाणी, मग पुन्हा साचा.” कामाच्या ऐन रंगात ते किणकिणाट करी, तेव्हा मी त्यांना मनात काय काय म्हणे ते इथे लिहिण्यासारखे नाही. घड्याळ अजून चालते. मीही अजून बसू शकतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

मूळव्याधीची कारणे सांगणारी पाटी मी रंगवली तेव्हा तिच्यावर चार ओळी होत्या. मलावरोध आणि कुंथणे. जेवणात कोंडा-भाजी व पिण्यात पाणी कमी. तासन्‌तास एका जागी बसणे. गरोदरपण, बाळंतपण व जड ओझी. चारही कारणे डॉक्टरसाहेबांची, अक्षरे माझी.

दुष्काळाच्या साली आमच्या मलकापुरात शिबिर भरले. दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणाऱ्या बायका फार होत्या, म्हणून दुपारची वेळ बायकांची ठेवली होती; आत डॉक्टरसाहेब आणि एक नर्सबाई. मी दाराशी बादली घेऊन उभा. रांग पुढे सरकत होती आणि तिच्यात यमुना होती. माझी पत्नी.

मला वाटले, डबा घेऊन आली असेल. तिने माझ्याकडे पाहिले, मान खाली घातली आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा अर्धा तास झाला होता. घड्याळ माझ्याजवळ होते, मी मोजला.

शिबिर उठल्यावर मी विचारले, “काय झालंय तिला?”

“ते त्यांनाच विचारा,” डॉक्टरसाहेब म्हणाले. “माझ्याशी बोललेलं माझ्यापाशीच राहतं.”

“माझी बायको आहे.”

“म्हणून तर म्हणतो, विचारा.” थोडे चालून गेले आणि थांबले. “बापूराव, मलकापुरात किती घरांत संडास आहेत हो?”

मी बादली उचलून चालू लागलो. माझ्या अंगाची आग झाली होती. सोळा वर्षांच्या संसारात जे मला सांगितले नाही, ते या गृहस्थांना अर्ध्या तासात!

घरी येऊन विचारले. यमुना भाकरी थापत होती. थापता थापताच बोलली, वर पाहिले नाही.

“धाकटीच्या बाळंतपनापासनं हाय. चार वर्सं झाली.”

“मला सांगितलं नाहीस?”

“काय सांगू? तुमी गावाला त्यो भोंगा दाबून दाखवतायसा. माझं मी कुठं दाखवू?”

“पण मी सगळी कारणं पाटीवर लिहिलीत, तुला वाचता येतं...”

“वाचली की. माझं न्हाई त्यात.” तिने भाकरी तव्यावर टाकली. “आवं, आमी बायकांनी जायाचं कवा? पहाटं अंधारात, न्हाईतर रातच्याला. दिस उजाडला की मानसांची ये-जा. दिसभर लागली तरी दाबून धरायची. पानी प्यालं की लागंल, म्हनून पानीबी प्यायचं न्हाई. खडीवर जानाऱ्या समद्या बाया तेच करत्यात. आन्‌ तुमी मटकी बंद केली तवापास्नं आमीबी सोडली. आता परत सुरू झाली, तर ती तुमच्याच ताटापुरती.”

ओतकामाच्या साच्यात धातू आकसण्यासाठी किती जागा सोडायची, हे मला झोपेतही सांगता येते. माझ्याच घरातल्या माणसाला दिवसभर आडोसा नाही, याचे माप मी कधी घेतले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून परसात खणायला घेतले. ते काम माझे नव्हते, पण साचे तरी कुठे माझे होते? तेही बघूनच शिकलो होतो. खड्डा, विटा, फरशी, दार. दाराला आतून कडी मी स्वतः घडवली, कारण बाजारातली सैल बसत होती. यमुनाने कडी लावून पाहिली, उघडून पाहिली आणि म्हणाली, “एवढी वर्सं लोकांची साचं केलीसा. ह्ये एक घरातलं केलंसा.” दोन महिन्यांत तिचे दुखणे पुष्कळच कमी झाले. त्यात डॉक्टरसाहेबांचे औषध होते, मोडाची मटकी होती, आणि कडीही होती.

मग मी पाटीवर पाचवी ओळ रंगवली: ‘लागली असता दाबून धरणे व त्या भयाने पाणी न पिणे, विशेषतः बायकांनी, आडोसा नसल्यामुळे.’ पुढच्या शिबिरात डॉक्टरसाहेब पाटीपुढे बराच वेळ उभे राहिले. कुणी सांगितले, हे त्यांना ठाऊक होते. पण त्यांनी तसे दाखवले नाही. कारण यमुना त्यांच्यापाशी जे बोलली ते त्यांच्यापाशीच राहणार होते. त्या दिवसापासून प्रत्येक गावात ते म्हणू लागले, “चार कारणं पुस्तकांतली. पाचवं आमच्या बापूरावांचं. सगळ्यांत आधी ते वाचा.”

टाळ्या पडत. त्या टाळ्या मला हव्या होत्या. मी त्या घेतल्या.

आता वाचकांनी इथे जरा थांबावे. माझे यंत्र त्यांच्या नावावर गेले तेव्हा त्यांनी तीन दिवसांच्या आत पत्र लिहून ते परत केले. पाचवे कारण माझ्या नावावर आले ते यमुनाचे होते, आणि मी एकाही गावात, एकाही सभेत तसे म्हणालो नाही. लाजेचे कारण पुढे करून गप्प बसलो. तिची लाज, असे मी स्वतःला सांगत होतो. लाज माझी होती. डॉक्टरसाहेबांचा मला खरा हेवा वाटतो तो एवढ्याचसाठी. हार, नारळ, फेटे यांचे काही नाही. जे आपले नाही ते तीन दिवसांत परत करता येते, हे त्यांना जमले. मला वर्षे लागली. या ग्रंथाने पत्र लिहायची जागा दिली, म्हणून आज लिहितो: पाटीवरची पाचवी ओळ यमुना बापू सुतार यांची आहे. छापणाऱ्यांनी नाव नीट वाचून घ्यावे.

तिला विचारूनच लिहिले आहे. ती म्हणाली, “लिवा की. लाज होती तवा होती. आन्‌ डाक्टरांना माझा नमस्कार लिवा.”

तो नमस्कार इथे पोचता करतो. डॉक्टरसाहेबांना शंभर निरोगी वर्षे मिळोत. त्यांची पावले अशीच गावोगाव फिरत राहोत, त्यांच्यापुढे माणसे अशीच लाज सोडून बोलत राहोत, आणि त्यांची प्रत्येक सकाळ विनासायास पार पडो. त्यांच्याच शास्त्राप्रमाणे याहून मोठी शुभेच्छा मला ठाऊक नाही.

एक गोष्ट त्यांनाही माहीत नाही, तीही आज सांगून टाकतो. दुष्काळानंतरच्या वर्षी सांगलीचे एक व्यापारी माझ्याकडे आले होते. मूळव्याध सात दिवसांत मुळापासून काढणारी पूड ते जत्रांतून विकत. त्यांना यंत्र आणि पाटी दोन्ही हवी होती. यंत्राखाली चार-चार इंची अक्षरांत ‘निर्माते बापू सुतार, मलकापूर’ असे लिहायची त्यांची तयारी होती. त्यांनी ती अक्षरे कागदावर काढूनही आणली होती, आणि खोटे कशाला बोलू, सुरेख काढली होती. अट एकच. पाटीवरची पाचवी ओळ पुसायची, बायकांचा असला विषय धंद्याला बरा दिसत नाही म्हणून. त्या जागी लिहायचे, ‘अंगातील उष्णता व मोडाची कडधान्ये’.

यमुना दारात उभी राहून ऐकत होती. मी कागदावरच्या त्या अक्षरांवरून बोट फिरवले. मग म्हणालो, “शेटजी, ती ओळ माझी नाही. मला पुसता यायची नाही.”

ते देत होते ती रक्कम, त्या वेळची माझी वर्षाहून जास्त कमाई, साडेतीन हजार रुपये होती.